एक नाव राहिलं होतं

"मागच्या तीन महिन्यांत बंद खोलीत तुम्ही कुणाकुणाबरोबर बराच वेळ बसलात, ते आठवून सांगा. घाई नाही," असं म्हणून आरोग्यसेविकेनं वहीचं पान उलटलं आणि ती पेन धरून थांबली. मला क्षय, म्हणजे टीबी, झाल्याचं नुकतंच कळलं होतं. मी घरातल्या तिघांची नावं सांगितली. कामावरच्या दोघींची सांगितली, कारण आमच्या प्रुफं तपासायच्या खोलीला एकच खिडकी आणि तीही कायम बंद. धाकट्या बहिणीचं सांगितलं, ती मध्ये चार दिवस राहून गेली होती. मग म्हटलं, "झालं. एवढीच."

एवढीच नव्हती. सातवं नाव ओठांवर आलं होतं आणि मी ते गिळलं. समोरच्या बिऱ्हाडातली तीन वर्षांची मुलगी. तिची आई कामावरून येईपर्यंत ती दुपारभर माझ्याकडे असायची. मांडीवर बसून चित्रं काढायची, खांद्यावर मान टाकून झोपायची. आणि मी तिच्या डोक्यावरून खोकायचे.

ते नाव मी नऊ दिवस लपवलं. हे लिहायला बसले आहे ते त्या नऊ दिवसांमुळेच.

खोकला आधीपासूनच होता. सुरुवातीला अंगावर काढला. मग जवळच्या एका दवाखान्यात गेले. खोकल्याचं औषध मिळालं, मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, रात्री उशी घामानं ओली. वजन पाच किलो उतरलं तेव्हा ओळखीचे लोक म्हणाले, छान बारीक झालीस! त्या दवाखान्यात मला एकदाही कुणी बेडका तपासायला सांगितलं नाही, ही माझी तक्रार आजही आहे. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की बेडका तपासायचा, इतकी साधी ती गोष्ट. मला ती एका भिंतीवरच्या पोस्टरवर वाचायला मिळाली.

तेही योगायोगानं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला सरकारी आरोग्य केंद्रात गेले होते. रांगेत उभी असताना उबळ आली. खिडकीतल्या बाईंनी गोळ्या मोजता मोजता मान वर केली. "किती दिवस झाले खोकल्याला?" मी म्हटलं, अडीच महिने. त्यांनी मागच्या माणसाला जरा थांबायला सांगितलं, बाहेर आल्या आणि मला मागच्या दारानं मोकळ्या अंगणात घेऊन गेल्या. रोगांवरची देखरेख, सर्वेक्षण हे शब्द मी नंतर शिकले. माझ्यापुरती ती देखरेख त्या खिडकीशी सुरू झाली. रांगेतला खोकला कुणीतरी ऐकला.

त्यांनी हातात प्लॅस्टिकची एक छोटी, रुंद तोंडाची डबी दिली. मी थुंकून परत दिली तर त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "ही लाळ झाली. मला बेडका हवा." मग शिकवलं. आधी पाण्यानं नुसती चूळ भरायची. खोल श्वास घ्यायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा. असं दोन-तीन वेळा करायचं, आणि मग घशातून नाही, पोटापासून खोकायचं. उघड्यावर, समोर कुणी नसताना. एक नमुना तिथल्या तिथं दिला. दुसरा उद्या सकाळी उठल्या उठल्याचा, कारण रात्रभर छातीत साठलेलं तेव्हा वर येतं.

पहाटे गच्चीवर गेले. अजून उजाडायचं होतं. डबी कठड्यावर ठेवून श्वास घेत उभी राहिले. जे आलं ते दाट, पिवळसर, त्यात केसाएवढी एक तांबडी रेघ. झाकण घट्ट लावलं आणि डबीवर चिकटवलेली माझ्या नावाची पट्टी पुन्हा एकदा वाचली. नाव झाकणावर लिहीत नाहीत, डबीच्या अंगावर लिहितात. दहा डब्या एकदम उघडल्या की झाकणं बदलू शकतात आणि मग एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो. ही एवढीशी काळजी मला फार मोठी वाटली. माझ्या प्रुफांच्या कामातही पानाचा क्रमांक चुकला की सगळंच चुकतं.

रिपोर्ट त्याच दिवशी आला. क्षयाचे जिवाणू आहेत, आणि रिफॅम्पिसिन या औषधाला ते दाद देतात. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रानं, दोन तासांच्या आत सांगितल्या. पुढं ओळख झाल्यावर तंत्रज्ञ दादांनी मला जुनी पद्धतही दाखवली. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या. १८८२ साली २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू जगापुढं मांडला, म्हणून तो दिवस जागतिक क्षयरोग दिन. काचपट्टीवर दिसायचा तर एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. नवं यंत्र शे-सव्वाशे असले तरी पकडतं. जंतू वाढवून बघायचं म्हटलं तर आठवडे जातात, कारण हा जंतू एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस घेतो. आपल्या आतड्यातले काही जिवाणू तेच वीस मिनिटांत करतात. दादा म्हणाले, "हा सावकाश मारतो, म्हणून माणसं सावकाश येतात."

त्याच दुपारी माझं नाव नोंदवहीत चढलं. वय, पत्ता, वजन. साखरेची आणि एचआयव्हीची तपासणी, कारण या दोन्हींबरोबर क्षय जास्त बळावतो. मला राग आला होता, खरं सांगते. आजार माझा, तो कुणाच्या वहीत कशाला? वैद्यकीय अधिकारी शांतपणे म्हणाले की हा आजार कळवावाच लागतो. डॉक्टर सरकारी असो नाहीतर खाजगी, त्यानं निदान केलं की नोंद करायची. नोंद झाली तरच औषध पोचलं का, माणूस बरा झाला का, हे विचारायला कुणीतरी बांधील राहतं.

सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्यांच्या लहानपणी या आजाराचा माणूस घरातून उठवून लांबच्या आरोग्यधामात नेऊन ठेवत. त्यांनी विचारलं, "हिला इथं ठेवून घ्यायचं नाही का? घरात लहान-मोठी माणसं आहेत." डॉक्टरांनी त्यांना मद्रासची हकिगत सांगितली. तिथं १९५६मध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र निघालं. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना तेच औषध देऊन त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत राहू दिलं. १९५९मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यापायी जास्त लागण झाली नाही. घरच्यांना जो धोका होता तो औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांत. त्यानंतर जगभरची आरोग्यधामं हळूहळू रिकामी झाली. सासूबाई ऐकून घेत होत्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मग घरीच चल."

नाव का लपवलं, ते आता सांगते.

निदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पत्ता पडताळायला एक माणूस आला. तो आरोग्य केंद्रातला नव्हता, दुसऱ्याच एका कचेरीतला. त्याला मजला सापडेना. जिन्यात उभं राहून त्यानं मोठ्यानं विचारलं, "इथं टीबीचा पेशंट कुठं राहतो?" चार दारं उघडली. मी माझं दार आतून धरून उभी होते. त्या संध्याकाळपासून जिन्यातून उतरताना लोक भिंतीला चिकटून वाट द्यायला लागले.

आरोग्यसेविका आली ती त्यानंतर दोन दिवसांनी. आधी फोन करून, साध्या कपड्यांत, हातात नुसती कापडी पिशवी घेऊन. जिन्यातला प्रकार मी सांगितला तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिनं तो लिहून घेतला आणि मलाही लेखी द्यायला लावलं. पुढं फोन केल्याशिवाय कुणी आलं नाही. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणून तिनं वही उघडल्यावर मी समोरच्या घराचं नाव घेतलं नाही. एवढं एकच दार माझ्यासाठी अजून पहिल्यासारखं उघडत होतं. तिच्या आईनं जिन्यातलं बोलणं ऐकलं नव्हतं, ती तेव्हा कामावर होती.

मी स्वतःची समजूत घातली. औषध सुरू झालंय. दोन आठवड्यांत माझ्यापासून कुणाला लागण व्हायची भीती जवळजवळ जाते असं डॉक्टर म्हणालेत. तोपर्यंत तिला घरात घेतलं नाही म्हणजे झालं. मागचे अडीच महिने मी हिशेबात धरलेच नाहीत.

दुपारी ती यायची. दाराच्या खालच्या अंगाला तळहातानं थापटायची, कारण कडी तिच्या उंचीच्या वर. "काकू, दार उघड. काकू, मी आले." मी आत भिंतीला पाठ लावून बसायचे, तोंडावर रुमाल धरून, खोकला आला तर तिला कळेल म्हणून. थोड्या वेळानं ती दाराखालच्या फटीतून कागद सरकवायची. चित्रात एक मोठं डोकं आणि त्याला चिकटून एक छोटं डोकं. असे सहा कागद माझ्याकडे आहेत.

नवव्या दिवशी घरच्यांच्या तपासणीसाठी आम्ही केंद्रात गेलो होतो. तिघांचेही छातीचे फोटो साफ निघाले. बाकावर आमच्या शेजारी एक तरुण जोडपं होतं, मांडीवर बाळ. आरोग्यसेविका त्यांना समजावत होती. ती म्हणत होती, घरात रुग्ण निघाला की पाच वर्षांखालचं मूल आम्ही सगळ्यांत आधी बघतो. मोठ्या माणसाच्या अंगात जंतू गेला तरी बहुतेकदा तो जन्मभर झोपून राहतो, दहातल्या एखाद्याला आजार होतो. लहान मुलाचं तसं नाही. त्याच्यात तो फुप्फुसातून रक्तात उतरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो, आणि त्याला वर्षं लागत नाहीत. जन्मताच दिलेली बीसीजीची लस अशा गंभीर आजारापासून बरंच राखते, तरी लस दिली आहे म्हणून बघायचं सोडत नाही.

हे ती मला सांगत नव्हती. मी ऐकलं, उठले, बाहेर व्हरांड्यात गेले, आणि ती मोकळी होऊन आली तेव्हा म्हटलं, "सिस्टर, एक नाव राहिलं होतं."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "वय किती?" मी सांगितलं. तिनं पेन काढलं, नाव लिहिलं, त्याच्याखाली रेघ मारली. "मी आज संध्याकाळी जाते. तुमचं नाव मी घेणार नाही. पण ताई, एका मजल्यावर दोनच घरं आहेत, त्यांना कळेलच. तुम्ही आधी बोललात तर बरं पडेल."

मी बोलले. तिच्या आईनं दारातच ऐकलं. मुलगी तिच्या डाव्या कडेवर होती, माझ्या बाजूला. ती काही न बोलता मुलीला उजव्या कडेवर घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "कधीपासून?" मी खरं ते सांगितलं, नऊ दिवसांचंही सांगितलं. तिनं दार लावून घेतलं.

मुलीच्या हातावर त्वचेच्या आत एक थेंबभर औषध टोचलं आणि तिसऱ्या दिवशी तिथं उठलेली कडक गाठ पट्टीनं मोजली. १२ मिलिमीटर. अंगात जंतू शिरले असावेत असं त्यातून कळतं; आजार झालाय की नाही ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी वजनाचा तक्ता बघितला, मानेतल्या गाठी चाचपल्या, छातीचा फोटो काढला. फोटो साफ होता. वजन वाढतं होतं. आजार नव्हता. तीन महिने रोज पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या द्यायच्या ठरल्या, झोपलेला जंतू जागा होण्याआधीच मारायला. आधी आजार नाही याची खात्री आणि मगच या गोळ्या, हा क्रम ते कटाक्षानं पाळतात, कारण आजार असताना एवढंच औषध दिलं तर अर्धवट मार खाल्लेला जंतू त्या औषधाला सरावतो.

हे सगळं होईपर्यंतचे ते चार दिवस मी कसे काढले ते लिहून सांगता यायचं नाही.

पण गोष्ट इथं संपली नाही. आरोग्यसेविका त्यांच्या घरी गेली त्या पहिल्या संध्याकाळी, मुलीची माहिती घेऊन झाल्यावर तिनं निघता निघता विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला खोकला?" आई म्हणाली, "आजोबांना आहे. पण तो सिगारेटचा. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून ऐकतोय." "असू दे," सेविका म्हणाली, "एक डबी ठेवून जाते."

आजोबांनी डबी घेतली नाही. "मला काही झालेलं नाही," म्हणाले. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून झोपून राहिले. तिसऱ्या खेपेला ती त्यांच्या खाटेशी बसली आणि नातीच्या हातावरची गाठ आपण कशी मोजली ते सांगत बसली. डबीचं नावही काढलं नाही. बऱ्याच वेळानं आजोबा उठले, डबी उचलली आणि गॅलरीत गेले.

त्यांच्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती, रुपयाएवढी. अशी पोकळी काही आठवड्यांत झालेली नसते.

आणि तेव्हा मला आठवलं. आजोबांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं. वर्षभर मी रोज सकाळी अर्धा तास त्यांच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. खिडकी बंद, कारण त्यांना वारं सोसायचं नाही. "कुणाकुणाबरोबर बंद खोलीत बसलात," या प्रश्नावर त्यांचं नाव मी लपवलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. माझ्यापासून कुणाला धोका झाला एवढाच विचार माझ्या मनात होता. मला हा आजार कुठून आला हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. संपर्काची यादी दोन्ही दिशांना वाचायची असते हे कळायला तो फोटो बघावा लागला.

मी सेविकेला विचारलं, "म्हणजे मला त्यांच्याकडून लागला? आणि मुलीला? त्यांच्याकडून की माझ्याकडून?"

"या वहीत तो रकाना नाही, ताई," ती म्हणाली.

मी नंतर ती वही नीट बघितली. खरंच नाही. कुणाकडून कुणाला, असा दोषाचा रकाना कुठंच नाही. कोण संपर्कात होतं, कोण तपासलं, काय निघालं, औषध कधी सुरू झालं, एवढेच आहेत. मुलीच्या आईलाही मी ते सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "तुम्ही नाव सांगितलं नसतं तर आजोबांचं कधी कळलंच नसतं." मला त्यावर बोलता आलं नाही, कारण नऊ दिवस मी ते सांगितलं नव्हतं.

औषधांबद्दल थोडं लिहिते, कारण नव्यानं सुरू करणाऱ्याला याच गोष्टी हव्या असतात. कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, गोळ्या किती ते वजनावर ठरतं. पुढचे चार महिने औषधं कमी. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. पहिल्याच दिवशी लघवी लालसर-केशरी होते. मला आधी सांगून ठेवलं होतं, तरी बघून दचकले. तो रिफॅम्पिसिनचा रंग, रक्त नव्हे. डोळ्यांतलं पाणीसुद्धा तसं होऊ शकतं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, या औषधानं त्यांचा परिणाम कमी होतो. पायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मिळते. लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक वाटला, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी जाऊन सांगायचं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही आणि रेटतही राहायचं नाही. ताटवाट्या, कपडे वेगळे ठेवायची गरज नसते. हा आजार हवेतून जातो, भांड्यांतून नाही. मोकळी हवा खेळती ठेवणं हाच घरातला मुख्य बंदोबस्त.

सगळ्यात फसवा काळ दुसऱ्या महिन्याच्या शेवटी येतो. खोकला गेलेला, भूक परतलेली, वजन चढतंय, बेडका निगेटिव्ह. आता कशाला एवढ्या गोळ्या, असं मनापासून वाटतं. मला वाटलं. आजोबांना तर फारच वाटलं. आम्ही दोघांनी मग एक ठरवलं. सकाळी सातला ते मधल्या भिंतीवर काठीनं दोनदा ठोकायचे; मी गोळी घेऊन दोनदा ठोकायचे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यानं दार वाजवायचं. भिंत एकदाही गप्प राहिली नाही.

चौथ्या महिन्यात मात्र औषधच आलं नाही. केंद्रातला साठा संपला होता आणि पुढचा पोचला नव्हता. सेविकेनं दुसऱ्या केंद्रातून आमच्यापुरत्या पट्ट्या उसन्या आणल्या, म्हणून खाडा पडला नाही. पण असं व्हायला नको. रुग्णाला एक दिवसही चुकवू नका म्हणून सांगणाऱ्या व्यवस्थेचा साठाही एक दिवस चुकता कामा नये. तेही मी लेखी दिलं.

सहा महिने संपल्यावर शेवटचा बेडका दिला, निगेटिव्ह आला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर नोंदवही उघडली आणि माझ्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात 'बरी झाली' असं लिहिलं. आजोबांच्याही ओळीत, पुढं तीन आठवड्यांनी. 'बरा झाला' आणि 'उपचार पूर्ण' हे दोन वेगळे शेरे आहेत. शेवटचा नमुना तपासून जंतू नाहीत असं सिद्ध झालं तरच पहिला शेरा मिळतो. नुसत्या गोळ्या संपवल्या तर दुसरा.

ही वही अशी का आखली आहे तेही त्यांनी सांगितलं. कारेल श्टिब्लो नावाच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात ही रीत बसवली. एका तिमाहीत नोंदलेले सगळे रुग्ण हा एक गट. त्या गटातल्या प्रत्येकाचं पुढं काय झालं ते लिहायचंच, एकही ओळ मोकळी सोडायची नाही. औषध सोडणाऱ्याला पूर्वी 'डिफॉल्टर' म्हणत, कर्ज बुडवल्यासारखं. २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द काढून 'संपर्क तुटला' अशा अर्थाचा शब्द आणला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. संपर्क तुटला म्हटलं की तो पुन्हा जोडायला कुणीतरी जायचं असतं. त्याच संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला आणि त्यांतल्या सुमारे ८२ लाखांचीच नव्यानं नोंद झाली. मधली पंचवीस लाखांहून अधिक माणसं कुठल्याच वहीत नाहीत. आजोबा त्या वर्षी त्यांच्यातच असतील. कदाचित त्याआधीही.

माझ्या वरच्या ओळीत एक तरुण होता, बाकावर कधीमधी शेजारी बसायचा. तिसऱ्या महिन्यात यायचा बंद झाला. सेविका त्याच्या खोलीवर चार वेळा गेली. कुलूप, फोन बंद. त्याच्या शेवटच्या रकान्यात तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं, पेनानं नाही.

कोर्स संपल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ती विचारपूस करते. परवा तिचा दुसरा फोन आला. खोकला? नाही. ताप? नाही. वजन? सात किलो वाढलं. मुलगी कशी आहे? शाळेत जायला लागली, कडीपर्यंत हात पोचतो आता. मग तिनं तोच जुना प्रश्न विचारला, बंद खोलीत कुणाकुणाबरोबर बसता.

मी सांगितलं की प्रुफांच्या खोलीतली खिडकी आम्ही सुताराला बोलावून उघडून घेतली आहे. आणि तिथं एक नवा मुलगा लागलाय, तीन आठवडे खोकतोय. काल त्याच्याशी बोलले, माझं सगळं सांगितलं. उद्या सकाळी तो माझ्याबरोबर यायला तयार आहे.

"एक डबी आधीच पाठवू का, सकाळच्या नमुन्यासाठी?"

"पाठवा," म्हटलं. "पट्टीवर नाव लिहायला जागा ठेवा. आणि कसं खोकायचं ते मी त्याला शिकवते."